लवू सारंगचं इंजिन

द्रौपदीकाकीने पिशवी बाबांच्या बाकावर उपडी केली. दोन जुने फिल्टर, एक फीड पंप, हातभर तांब्याची नळी आणि मूठभर वॉशर ठणठणत बाहेर आले. एक वॉशर घरंगळत माझ्या पायापाशी येऊन पडला.

“ह्या सगळा बदलून झाला, मोतीराम,” ती म्हणाली. “तरी इंजिन बंद पडताच हा.”

दिवाळी चार दिवसांवर आली होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. डिझेल मेकॅनिकचा आयटीआयचा कोर्स संपवून दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षं मी बाबांच्या हाताखाली कातळे बंदरावरच्या आमच्या वर्कशॉपात काम करत होते. कागदावर मेकॅनिक होते, पण बंदराच्या लेखी मी मोतीमिस्त्रीचं चेडू, पाने पुसून देणारी पोर. बाबा तीस वर्षं ह्या बंदरावरची इंजिनं दुरुस्त करत होते. मोतीराम खवळे बोलले की विषय संपला, असं लोक म्हणत, आणि खरंच संपत असे.

द्रौपदीकाकी कोयंडे ही ‘मालेश्वरी’ ट्रॉलरची मालकीण. नवरा गेल्यावर तिने बोट विकली नाही, स्वतः चालवली. म्हणजे समुद्रावर गेली नाही, पण डिझेल, बर्फ, जाळी, खलाशी सगळं तिच्या हातात. ह्या हंगामात ‘मालेश्वरी’चं इंजिन चार वेळा भर समुद्रात बंद पडलं होतं. दहा-पंधरा मिनिटं हातपाय झाडले की पुन्हा चालू व्हायचं आणि जेटीवर आणून बघावं तर घड्याळासारखं चालायचं. रत्नागिरीहून दोन मेकॅनिक येऊन गेले होते. दोघांनीही सांगितलं, डिझेलचं प्रेशर पडतंय. ते तर आम्हालाही दिसत होतं. टाकीतून डिझेल ओढून इंजिनाकडे ढकलणारा एक छोटा पंप असतो, तो फीड पंप. तो पुरेशा जोराने ढकलत नसला की इंजिन उपाशी पडतं. प्रश्न एवढाच होता की प्रेशर का पडतंय, आणि ते समुद्रातच का.

बाबांनी पंप हातात घेऊन दांडा दाबून पाहिला. नवा पंपही कमकुवत असेल म्हणाले, इंजिनात डिझेल उडवणारा मोठा पंप परत तपासायला पाठवू म्हणाले. मी काकीला विचारलं, बंद पडतं ते जाताना की येताना.

काकीने चारही वेळा बोटांवर मोजल्या. “येताना. कायम येताना.”

टाकीत डिझेल किती असतं तेव्हा, हेही मी विचारलं. अर्ध्याच्या खाली, ती म्हणाली. ह्या वर्षी मासळी लांब गेली होती, त्यामुळे फेऱ्या लांबल्या होत्या आणि परतताना टाकी खाली जात होती.

बाबांनी पंप बाकावर ठेवला. “मग झाला तर. लवूचाच परत.”

लवू सारंगचं नाव निघालं की आमच्या बंदरावर माणसं मान हलवत. तो तीन वर्षांपूर्वी ‘मालेश्वरी’चा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा होता, आणि चांगला तांडेल होता. भाद्रपदातल्या एका दुपारी, वादळी वाऱ्यात परतताना, खाडीच्या तोंडाशी काळ्या खडपाजवळ, पाण्यातल्या त्या कातळाजवळ, त्याचं इंजिन बंद पडलं. नांगर धरेना. बोट खडपावर गेली, फळ्या फुटल्या, जाळं गेलं, एका खलाशाचा पाय मांडीत मोडला. माणसं वाचली हे नशीब. बोट ओढून आणल्यावर बाबांनी टाकीत काठी बुडवून पाहिली. वीतभर डिझेल निघालं. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की एवढ्या कमी डिझेलवर, एवढ्या हेलकाव्यात, नळीचं तोंड उघडं पडतं, इंजिन हवा धरतं आणि मरतं. लवूने घाईत टाकी भरून घेतली नाही. विषय संपला. काकीने बोट दिगू धुरतला दिली. दिगू धास्तावलेला, तो टाकी अर्ध्याच्या खाली येऊच देत नसे आणि दोन वर्षं इंजिन एकदाही बंद पडलं नाही. मग तर लवूच्या चुकीबद्दल कोणालाच शंका उरली नाही. लवूला परत कोणी बोट दिली नाही. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागला.

मी म्हटलं, टाकी उघडून बघूया का.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “टाकी मी बसवलंय,” ते म्हणाले. “टाकीक हात लावचो नाय.”

काकीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पिशवी घडी करून काखेत मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फाच्या कारखान्यात गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. आयटीआयत आमचे एक सर होते, ते म्हणत की इंजिनाला तोंड नसतं, म्हणून ते चालवणाऱ्याला विचारावं. तीन वर्षांत लवूला कोणी काही विचारलंय असं मला आठवत नव्हतं. सगळ्यांनी त्याला सांगितलंच होतं.

तो लाद्या फोडत होता. चाळिशीचा माणूस, पण थंडीने हातांची कातडी म्हाताऱ्यासारखी झालेली. मी मोतीमिस्त्रीची मुलगी हे त्याला माहीत होतं. मी आल्याचं कारण सांगितलं तेव्हा त्याने घाव घालणं थांबवलं नाही. मी उभी राहिले. चार लाद्या फुटल्या. मग त्याने घण भिंतीला टेकवला.

“काय इचारूचा असा?”

इंजिन कसं बंद पडलं, एवढंच मला हवं होतं. झटक्यात की हळूहळू. त्याने डोळे बारीक केले. हळूहळू, तो म्हणाला. आधी दम कमी झाला, मग आवाज खोल गेला, भाता मिटावा तसा. धडधड नाही, गचके नाहीत. मग बंद.

मग तू काय केलंस, मी विचारलं.

“हातपंप मारूक गेलंय.” डिझेलची नळी हाताने भरून घ्यायला इंजिनावर एक छोटी मूठ असते, ती वर ओढायची आणि दाबायची. “मूठ वर येईना. घट्ट. दोन्ही हातान ओढलंय तरी येईना. आणि सोडली की आपसूक खाली.”

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मी म्हटलं, तू हे बाबांना सांगितलं होतंस?

“सांगितलंय. त्याच दिवशी. ते काठी बघीत होते.”

हवा धरलेल्या नळीवर हातपंपाची मूठ हलकी चालते, रिकामी, फसफसत. ती घट्ट होते ती उलट कारणाने: पलीकडून काहीच येत नाही, हवासुद्धा नाही. कुणीतरी नळीच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं. डिझेल कमी असल्यामुळे इंजिन मेलं असतं तर मूठ घट्ट झाली नसती. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. बाबांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

लवूला मी यातलं काही बोलले नाही. खात्री नसताना त्या माणसाला आशा दाखवणं मला बरं वाटेना. मी फक्त म्हटलं, परत विचारायला येईन कदाचित. तो घण उचलत म्हणाला, ये.

तिथून मी द्रौपदीकाकीकडे गेले आणि तिला मला काय हवंय ते सांगितलं. टाकीत दीड वीत डिझेल ठेवायचं, जास्त नाही. डेकवर दोन भरलेले ड्रम, धोका नको म्हणून. दुपारचा वारा सुटेपर्यंत बाहेर थांबायचं आणि मग परत यायचं. आणि मला इंजिनापाशी बसायला हवं होतं.

काकी पान लावत होती. बाई ट्रॉलरवर चढली की जाळं रिकामं येतं, ही आमच्याकडची जुनी समजूत. काकी स्वतःसुद्धा आपल्या बोटीवर, बोट नांगरलेली असेल तेव्हाच काय ती चढायची. तिने पान तोंडात टाकलं आणि विचारलं, “मोतीराम काय म्हणता?”

बाबांना सांगितलेलं नाही, मी म्हटलं.

तिने थोडा वेळ चघळलं. “बरा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जेटीवर दिगू धुरत आडवा आला. वाईट माणूस नव्हता तो. चार वेळा समुद्रात अडकून त्याची झोप उडाली होती आणि खलाशी कुरकुरत होते. तू चढलीस तर माझी माणसं उतरतील, असं त्याने मला स्पष्टच सांगितलं. मी काही बोलायच्या आत काकी माझ्या मागून पुढे झाली, लुगड्याचा ओचा खोचला, फळीवरून चढली आणि मासळीच्या उपड्या क्रेटवर जाऊन बसली.

“दोन बायका झाल्या,” ती म्हणाली. “आता कोणाक उतराचा असात त्यांनी उतरा.”

कोणी उतरलं नाही. एक खलाशी हसला, दिगूने त्याला शिवी घातली आणि दोर सोडला.

इंजिनाच्या खणात मी आधीच दोन गोष्टी जोडल्या होत्या. सरांकडून मागून आणलेला प्रेशरचा काटा फीड पंपाच्या पुढे, आणि पंपाच्या मागे, टाकीकडच्या बाजूला, सलाईनला असते तशी पारदर्शक नळी. हवा आली तर बुडबुडे दिसतील. काटा दीडवर उभा होता. जाताना समुद्र ताटात पाणी ठेवल्यासारखा होता. काटा दीडवर. अकरा वाजले, बारा वाजले, जाळं एकदा टाकून ओढलं, काटा दीडवरच. मला डिझेलच्या वासाने मळमळायला लागलं होतं आणि वरून खलाशांचं बोलणं ऐकू येत होतं. काकीला ते विचारत होते, काय काकी, सापडला काय भूत.

एकच्या सुमाराला पश्चिमेचा वारा सुटला. दिगूने बोट वळवली. लाटा मागून यायला लागल्या तशी बोट कुशीवर लोळायला लागली आणि टाकीतलं डिझेल आत ढवळल्याचा आवाज मला पत्र्यातून ऐकू यायला लागला. भरलेल्या टाकीत डिझेल हलत नाही. अर्ध्या टाकीत ते ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावतं, आणि तळाशी जे काही असेल ते आपल्याबरोबर नेतं. हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो आवाज ऐकताना आलं.

काटा सव्वावर आला.

मी वर ओरडून दिगूला नांगर तयार ठेवायला सांगितलं. कुठवर आलोय विचारलं. काळं खडप उजव्या हाताला, अर्ध्या मैलावर, तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

काटा एकवर आला, पाऊणवर. इंजिनाचा आवाज खोल जायला लागला, लवूने सांगितला तसा, भाता मिटावा तसा. मी नळीकडे पाहिलं. पारदर्शक नळी डिझेलने काठोकाठ भरलेली, एक बुडबुडा नाही. काटा शून्यावर टेकला. इंजिन दोन-चारदा खोकलं आणि थांबलं. मग फक्त पाण्याचा आवाज.

नांगराची साखळी खडखडत गेली. मी हातपंपाची मूठ धरून ओढली. ती आली नाही. दोन्ही हातांनी ओढली, पाय टेकून ओढली. अर्धा इंच आली आणि सोडल्याबरोबर परत जागेवर गेली.

दिगू खणाच्या तोंडाशी वाकून बघत होता. मी त्याला आत बोलावलं आणि मूठ ओढायला सांगितली. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा. त्यालाही ती ओढता आली नाही. टाकीत दीड वीत डिझेल आहे हे त्याने सकाळी स्वतः काठी बुडवून पाहिलं होतं. तो मूठ धरून तसाच बसला.

“लवू ह्याच सांगी होतो,” तो म्हणाला. “जेटयेवर उभो ऱ्हवान सांगी होतो. आमी हसलंव.”

नांगर घसरतोय असं वरून कोणीतरी सांगितलं. मी टाकीकडच्या नळीचा नट सोडला, तोंड नळीला लावलं आणि जीव खाऊन फुंकले. आधी काही नाही. मग आत गुडगुडलं, काहीतरी सुटलं आणि डिझेल माझ्या तोंडात आलं. थुंकत थुंकत नट आवळला, मूठ मारली. आता ती लोण्यासारखी चालत होती. दिगू धावत सुकाणूवर गेला. इंजिन पहिल्या फिरकीला लागलं.

खडप अजून बरंच लांब होतं, हे मी वर आल्यावर पाहिलं. खालून ते अगदी जवळ वाटत होतं. काकी क्रेटवरून हलली नव्हती, पण तिच्या दोन्ही मुठी दोराभोवती आवळलेल्या होत्या.

खाडीत शिरल्यावर शांत पाण्यात नांगर टाकायला लावला आणि टाकीचं झाकण उघडायला घेतलं. दहा बोल्ट. झाकणाखालचं भोक एवढंसं, दिगूचा हात कोपरापर्यंतच गेला. माझा खांद्यापर्यंत गेला. गाल तापलेल्या पत्र्याला टेकवून मी तळ चाचपला. टाकीच्या मधोमध डिझेल ढवळू नये म्हणून एक आडवा पत्रा असतो, त्याला खाली फट असते. त्या फटीपलीकडे, कोपऱ्यात, बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. पातळ, तळहाताहून थोडं मोठं, कडेला वळलेलं. ते चिमटीत धरून मी बाहेर काढलं.

निळ्या रेक्झिनचा तुकडा होता. डिझेलने कडक झालेला, रंग उडालेला. एका कडेला पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण.

ती शिवण मी ओळखली. आठवीत माझ्या दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा बाबांनी शिडाच्या सुईने, पिवळ्या नायलॉनच्या दोऱ्याने तो शिवून दिला होता. वर्गात सगळ्या मुली हसल्या होत्या. ते दप्तर फाटल्यावर बाबांनी त्याचे तुकडे कापून वर्कशॉपात ठेवले होते, कशाला ना कशाला लागतात म्हणून.

“काय गो ता?” काकीने विचारलं.

मी तुकडा पुसायच्या फडक्यात गुंडाळला. “चिंधी,” मी म्हटलं. “कचरा.”

खलाशी मोठ्याने हसले. रत्नागिरीचे दोन मेकॅनिक, नवा पंप, नवी नळी आणि शेवटी कचरा. दिगूने माझी पाठ थोपटली आणि मग लाजून हात मागे घेतला. काकी हसली नाही. ती माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिली.

घरी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. बाबा वर्कशॉपात एकटेच बसले होते. मी बोटीवर गेल्याचं त्यांना कळलं होतं. बंदरावर अशी बातमी माणसाच्या आधी पोचते. मी बोलणी खायच्या तयारीने गेले होते. त्यांनी समोरचं स्टूल पुढे सरकवलं. मी फडकं उघडून तुकडा बाकावर ठेवला.

बाबांनी चष्मा लावला. तुकडा उलटा केला, सुलटा केला. अंगठा शिवणीवरून फिरवला, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या.

“तुझ्या दप्तराचो,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला सांगितलं, थांबत थांबत. चार वर्षांपूर्वी ‘मालेश्वरी’ची नवी टाकी बोटीवर चढवायच्या आधी आमच्या अंगणात दोन दिवस होती. पावसाची भुरभुर होती, म्हणून त्यांनी तिच्या तोंडावर हा तुकडा टाकून तारेने बांधला होता. बसवायच्या दिवशी पाहिलं तर तार होती, तुकडा नव्हता.

“आत वाकान बघलंय. काय दिसला नाय. वाटला, वाऱ्यान उडालो.”

एवढंच. आडव्या पत्र्यामागे त्यांना दिसलं नव्हतं. हात घालून बघितलं नव्हतं. मग वर्षभराने लवूची बोट खडपावर गेली, तेव्हा हा तुकडा त्यांच्या मनात आला होता का, हे मी त्यांना विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. टाकीक हात लावचो नाय म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता ते मला माहीत होतं, आणि त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

“कोणाक सांगितलंस?”

कोणाला नाही, मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते तसंच राहावंसं वाटत होतं. बाबा साठीला आले होते. त्यांच्याकडे त्यांच्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि उद्या वर्कशॉप चालायचं तर त्याच शब्दावर चालणार होतं. इंजिन दुरुस्त झालं होतं. पुढे कोणी अडकणार नव्हतं. मी म्हटलं, चुलीत घालूया.

बाबांनी चष्मा काढला.

“तो तीन वर्षां बरफ ओढता हा, कुंदा,” ते म्हणाले.

ते उठले, विहिरीवर जाऊन आंघोळ केली, लग्नकार्याला घालायचा पांढरा सदरा घातला आणि तुकडा खिशात घालून बाहेर पडले. मी मागून गेले.

पाच वाजता जेटीवर मासळीचा लिलाव असतो. सगळं बंदर तिथे असतं: मालक, तांडेल, खलाशी, टोपल्या घेतलेल्या बायका, ट्रकवाले. लवू हातगाडीवरून बर्फ आणत होता. बाबा लिलाव पुकारणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्याला जरा थांब म्हणाले. तो थांबला. मोतीमिस्त्री थांबवतोय म्हटल्यावर कोणीही थांबलं असतं.

बाबांनी तुकडा काढून हातात धरला. त्यांना भाषण करता येत नसे. त्यांनी सांगितलं की हा तुकडा आज ‘मालेश्वरी’च्या टाकीत सापडला. टाकी मी बसवली. तुकडा माझा. टाकी खाली आली आणि समुद्र हलला की हा नळीच्या तोंडाला चिकटतो, इंजिन बंद पडलं की सुटून जातो.

मग ते गर्दीतून हातगाडीपाशी गेले.

“लवू, तुझ्या टाकयेत डिझेल होता. इंजिन तू बंद पाडूक नाय. मी पाडलंय. तू माका सांगी होतंस, मी आयकाक नाय.”

बर्फाचं पाणी गाडीतून ठिबकत होतं. लवूने हात सदऱ्याला पुसले, तुकडा घेतला, उलटा केला, वास घेतला. तो बाबांच्या अंगावर जाईल असं मला वाटलं. तसं त्याने केलं असतं तर मधे पडायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

“एवढोच?” त्याने विचारलं.

“एवढोच,” बाबा म्हणाले.

लवू हातगाडीच्या दांड्यावर बसला. त्याने तुकडा गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. दिगू धुरत पुढे येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. ज्याचा पाय मोडला होता तो खलाशी लंगडत आला. बाबा उभे होते तिथेच उभे राहिले, हात लोंबते, आणि कोणीतरी हाक मारेल म्हणून थांबल्यासारखे. कोणी मारली नाही. थोड्या वेळाने मी त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं.

त्यानंतर काही महिने बाबांनी पाना हातात घेतला नाही. गिऱ्हाइकं तुटतील ही माझी भीती खोटी ठरली. उलट जास्त आली, पण बाबा अंगणात बसायचे आणि म्हणायचे, आत कुंदा आहे. इंजिन घेऊन आलेला तांडेल दाराशी उभा राहिला की मी आधी त्याला बसवून विचारायचे, काय झालं ते पहिल्यापासून सांग. आजही तेच करते. तेव्हा माझ्या हाताखाली कोणी नव्हतं आणि आता तीन मुली आहेत एवढाच फरक.

द्रौपदीकाकीने दुसऱ्याच दिवशी लवूला ‘मालेश्वरी’ परत देऊ केली. त्याने नको म्हटलं. दिगूच्या पोटावर पाय देऊन मला समुद्रावर जायचं नाही, म्हणाला. काकी चिडली, दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग तिला वाळूवर पालथी पडलेली नवऱ्याची जुनी होडी आठवली, आणि ती घ्यायला लवू तयार झाला. शिमग्यापर्यंत सुतारांनी ती उभी केली, नव्या फळ्या घातल्या. इंजिन जुनं पण चांगलं मिळालं. टाकी नवी.

त्या होडीच्या कामासाठी लवू आमच्याकडे आला तेव्हा मी वर्कशॉपाच्या दारात उभी होते. इंजिन बसवायचं माझ्याशी बोलला. नंतर अंगणात बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला.

“मिस्त्री, टाकी तुमी बसवूची.”

बाबांनी मान हलवली. आता होत नाही, म्हणाले, डोळे साथ देत नाहीत. कुंदा बसवेल, चांगली बसवेल.

“कुंदान इंजिन बसवचा,” लवू म्हणाला. “टाकी तुमी.” आणि तो तिथेच पायरीवर बसला. चहा झाला, दुसरा चहा झाला. तो उठला नाही. शेवटी बाबा आत गेले आणि मी त्यांना पान्यांचा डबा शोधताना ऐकलं. तो मी दुसरीकडे ठेवला होता. त्यांनीच तो शोधला.

टाकी बसवायला दीड दिवस लागला. बाबांनी पहिला बोल्ट दोनदा काढून पुन्हा लावला, मग हात चालायला लागले. नळ्या जोडल्या, बोल्ट लावले, झाकण तेवढं उघडं होतं. बाबांनी आत हात घातला, खांद्यापर्यंत जाईना तेव्हा मला घालायला सांगितला. मी सगळा तळ, सगळे कोपरे, आडव्या पत्र्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या. काही नव्हतं. मग बाबांनी बॅटरी लवूसमोर धरली.

लवूने ती घेतली नाही. “तुमी बघलास मा? मग लावा झाकण.”

“तेवापण मी बघलंय होता,” बाबा म्हणाले. “तू बघ.”

लवूने बॅटरी घेतली. तो डेकवर पालथा झाला, तोंड टाकीच्या भोकाशी नेलं आणि प्रकाश आत फिरवला. बराच वेळ तो तसाच पडून होता. बाबा त्याच्या डोक्यापाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. खाली वाळूवर काकी कोणाला तरी नारळ आणायला पिटाळत होती.

“काय दिसता?” बाबांनी विचारलं.

टाकीतून लवूचा आवाज घुमत वर आला.

“तळ चकचकीत असा, मिस्त्री. माझा तोंड दिसता.”